मनू, त्या कागदावर सही केलीस का?

नौपाडा, ठाणे
मंगळवार, रात्री

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, त्यानंतर मी बराच वेळ गॅलरीतच बसून होतो. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला घेतलं. टेम्पोवाल्याला ‘तक्रार नाही’ असं लिहून द्यायच्या त्या कागदाबद्दल पुन्हा विचारायचं नाही, असं आईने बजावलंय.

खांदा कसा आहे? गुरुवारी टेम्पोने तुझ्या गाडीला धडक दिली, त्या रात्री ऐरोलीहून निघताना आईने तुझी ओढणी आणि डब्याची पिशवी सोबत आणली होती. काल तिने ओढणी उन्हात पसरली आणि चिकटपट्टी दाबून दाबून काचेचे कण काढले. डब्याच्या झाकणात हरभऱ्याएवढे दोन तुकडे निघाले. डावीकडच्या खिडकीचे. आई काही बोलली नाही, पण ते तिने टाकलेही नाहीत.

खांदा दुखत असेल तर उद्याच डॉक्टरकडे जा आणि रस्त्यावरच्या अपघातात लागलंय असं स्पष्ट सांग, म्हणजे तसं कागदावर येईल. घरी बाम चोळून बसू नकोस.

विमा कंपनीला त्याच रात्री कळवलंस, क्लेम नंबरही घेतलास, हे ऐकून बरं वाटलं. टेम्पोचा नंबर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाकून त्याचा विमा कधीच संपलाय हे रबाळ्याच्या सिग्नलला उभ्या उभ्या शोधलंस. माझे तर हातपाय गळाले असते. तुझ्या ऑफिसातला तो मुलगा म्हणतो, समोरच्याचा विमा नाही म्हणजे काही मिळणार नाही. ते चूक आहे. तुझी पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे. गाडीचं नुकसान तुझीच कंपनी भरून देईल, त्याचा विमा असो वा नसो. फक्त सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत गॅरेजवाल्याला दाराला हात लावू देऊ नकोस. दोन वर्षं क्लेम न केल्याचा बोनस, म्हणजे हप्त्यातली पंचवीस टक्के सूट, जाईल म्हणून कचरू नकोस. तो नुसत्या स्वतःच्या गाडीच्या हप्त्यावर असतो, थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या, हप्त्यावर नाही. अख्खं दार आणि मधला खांब चेपलाय, त्यापुढे तो बोनस काहीच नाही.

पण कंपनी तुला पैसे देते, तेव्हा ते टेम्पोवाल्याकडून वसूल करायचा हक्क तिच्याकडे जातो. ‘माझी काही तक्रार नाही’ असं तू लिहून दिलं असशील, तर तो हक्क तूच आधी सोडल्यासारखं होईल आणि कंपनी आडून बसू शकेल. म्हणून विचारतो, सही केलीस का?

बघ, विचारलंच. रागावू नकोस.

‘बाबा, तो पोरगा रडत होता’, असं तू म्हणालीस. रडला असेल. त्याच्यावर माझा राग नाही. पण तो नुसता चालवणारा, टेम्पो त्याचा नाही, मालकाचा आहे. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही हा कायदाच आहे, आणि तो मालकालाही लागू आहे. तुला दहा हजार देऊन मिटवायला निघाला तो मालकच ना? पोराला पुढे करून स्वतः फोनवरच राहिला. पोलिसांत तक्रार दिलीस तर मालकाचं नाव कागदावर येईल. तुझ्या दुखापतीचा दावा ठाण्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात करता येतो. मालकाचा विमा नसेल तर भरपाई त्यालाच खिशातून द्यावी लागते. कायद्यात त्यासाठी आता सहा महिन्यांची मुदत आहे. खांद्याचं दुखणं तीन महिन्यांनी डोकं वर काढलं, तर हातात काय असेल?

पुन्हा व्याख्यान झालं. चुकलो. तू तेहतीस वर्षांची आहेस, स्वतःच्या पगारावर कर्ज काढून गाडी घेतलीस. शोरूममधून आणलीस तेव्हा आधी तलावपाळीला आपल्या कोपिनेश्वरासमोर उभी केलीस आणि चावी माझ्या हातात दिलीस. मी ती गाडी नुसती पुसली, चालवायचा धीर झाला नाही.

तुला दादाकाकाचं सगळं माहीत नाही. त्याचा पाय स्कूटरवरून पडून गेला, एवढंच तुम्हा मुलांना सांगितलंय. १९९६ साली कळव्याच्या पुलावर त्याला ट्रकने उडवलं. ट्रकचा विमा नव्हता. दादा इस्पितळात होता, चौकीत मी गेलो होतो. माझी वागळेला दुसरी पाळी होती, दांडी पडली तर पगार कापला जायचा. ट्रकवाल्याने पाच हजार पुढे केले आणि कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून घेतल्या. भावाच्या वतीने सही मी केली. प्लॅस्टर निघेल, महिन्याभरात चालायला लागेल, असं वाटलं होतं. नंतर दोन ऑपरेशनं झाली, आत रॉड बसला, कंपनीने त्याला कमी केलं. तेव्हा दाव्याला मुदतही नव्हती, करता आला असता. पण वकिलाकडे गेलो की तो कागद निघेल, माझी सही निघेल, या भीतीने मी दादाला कधी वकिलाकडे नेलंच नाही. त्याने मला एका शब्दाने विचारलं नाही. दिवाळीला तो आपल्याकडे जिना चढताना कठड्याला धरून थांबतो, तेव्हा मी आत पाणी आणायला जातो. तुला वाटतं मला घाई असते.

हे आईलाही पूर्ण माहीत नाही. आज सांगेन.

तर मनू, सही केली असशील तरी ओरडणार नाही. त्याचा फोटो असेल तर पाठव. मग मी आणि तू मिळून वकिलाकडे जाऊ, शनिवारी मला वेळच वेळ आहे. केली नसशील तर पैसे घेऊ नकोस आणि त्या मालकाचा फोन उचलू नकोस. एका शब्दात कळव, हो की नाही.

ओढणी आईने धुऊन ठेवलीय. एक जागा फाटलीय, ती शिवते म्हणाली.

तुझा,
बाबा