चिमणे, येताना कात्री आण

करीचा दिवस, रात्रीचे साडेदहा

चिमणे,

आधी मनसोक्त शिव्या देऊन घे, मग वाच. दसऱ्यापासून तुझे तीन मेसेज पडून आहेत आणि मी तिन्हीला नुसता अंगठा दाखवला. सासूबाईंच्या तेरवीला आले नाही त्याबद्दल तर मला तोंडच नाही. तेव्हा इकडे सोयाबीन काढायला मजूर मिळत नव्हते, हे खरं आहे, पण तुला माहीतच आहे मला गर्दीत रडणारी माणसं झेपत नाहीत आणि तू रडली असतीस तर मी आधी रडले असते. जाऊ दे. मी बरी आहे, बीपीची गोळी चालू, गुडघा आहे तसाच. मोबाईलवरच लिहून राहिले, चुका पोटात घाल.

तर गोष्ट स्वेटरची आहे. हसू नको. आईसाठी फुलाफुलांचा कार्डिगन विणला, पोळ्यापासून सुरू आहे, आणि आता तो माझ्यापुढे पडलाय आणि मला त्याला कात्री लावायची आहे. आठ दिवस झाले, लागत नाही.

कात्री कशाला, तर ऐक. दोन रंगांचं काम सरळ-उलट सुयांवर केलं की उलट्या ओळीत नक्षी मागच्या बाजूनं विणावी लागते, डोकं फिरतं, टाके मोजता मोजता दूध उतू जातं. म्हणून तिकडे स्कॉटलंडच्या वर शेटलँड बेटं आहेत ना, तिथल्या बाया गोल सुईवर नळकांड्यासारखं विणत जातात, नक्षी सतत समोर, आणि शेवटी पुढून मधोमध सरळ कापतात. खरंच कापतात! कापायच्या जागी सात टाके जास्तीचे ठेवायचे, मधल्या टाक्याच्या दोन्हीकडून शिलाई मारायची आणि मधून कात्री चालवायची. खरी लोकर असली तर तिचे तंतू एकमेकांना धरून ठेवतात, टाके धावत नाहीत. आपल्या बाजारात मिळते ती अॅक्रेलिकची गुळगुळीत, ती दगा देते, म्हणून मी पार्सलनं खरी लोकर मागवली, पैसे विचारू नको, दादाला अर्धेच सांगितलेत. नमुन्याचा तुकडा विणून त्यावर पायमशीन चालवली, कापला, ओढला, वहिनीनं पण ओढला. एक टाका सुटला नाही. म्हणजे जमतं हे मला माहीत आहे. तरी.

आई बघत होती. म्हणे, "कापाचंच होतं त इनलं कायले बाप्पा?"

उत्तर दे बरं याला.

आणि कार्डिगनच का, तर आईचा उजवा खांदा आता वर जात नाही, डोक्यातून काहीच घालता येत नाही. बाजारचे दोन आणले होते, पुढून उघडेच, पण पाठ अशी वाकलीय की मागून स्वेटर वर चढतो, कंबर उघडी, आणि पुढून नुसता लोंबतो. तिला थंडी नेमकी पाठीतच वाजते. म्हणून म्हटलं अंगाच्या मापानंच विणू. छाती 33, त्यात 3 इंच सैल, एकूण 36, त्यातला एक इंच बटणपट्टीचा, राहिले 35. माझे इंचाला सहा टाके येतात, झाले 210. आणि माझं फूल बारा टाक्यांचं! सतरा फुलं बसतात आणि सहा टाके उरतात, म्हणजे अर्धं फूल. दोन रात्री झोप नाही मला. शेवटी काखेखाली तीन-तीन टाक्यांची साधी रेघ सोडली, कोण बघतंय काखेत. तू बघशील. तू नक्की हात वर करायला लावशील तिला, पण ती वर करू शकत नाही, मी जिंकले.

बरं हे इंचाला सहा टाके पण सरळ आले नाहीत. साधं विणकाम दहा नंबरच्या सुईवर सहा यायचं, पण दोन रंग घेतले की मागून धागा ओढला जातो आणि तेच साडेसहा व्हायचं. अर्ध्या टाक्यानं काय होतं म्हणशील, 210 टाक्यांवर जवळजवळ पावणेतीन इंच जातात! मग फुलांना नऊ नंबर, जरा जाड सुई, आणि वरच्या साध्या भागाला दहा नंबर. आठवतं का डीएडच्या होस्टेलमधला तो निळा स्वेटर, एक बाही तू विणली होतीस एक मी, आणि तुझी चार बोटं आखूड निघाली? तू आजपर्यंत म्हणतेस की टाके मी जास्त घातले. टाके सारखेच होते, चिमणे. तुझा हात आवळ आहे. तीस वर्षांनी सिद्ध झालं, आता तरी कबूल कर.

फूल मी पऱ्हाटीचं घेतलंय, आपल्या कापसाचं. शाळेच्या पुस्तकातलं गुलाबाचं फूल कशाला, आपल्या गावात गुलाब कोणाच्या धुऱ्यावर आहे. जमीन बाटली-हिरवी, खालच्या पट्टीत पिवळट पांढरी फुलं, वरच्या पट्टीत गुलाबी. आईनं बोट फिरवलं आणि लगेच म्हणाली, "हे पहिल्या दिवसाचं, हे दुसऱ्या दिवसाचं." मी काहीच सांगितलं नव्हतं तिला! उमलताना पांढरट असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं हे आपण किती वेळा बघितलं, पण तिनं लोकरीत ओळखलं. ओटी बांधून चाळीस वर्षं वेचलाय तिनं कापूस. आणि कापसाच्या गावात लोकर कशाला म्हणून दादा रोज टोमणा मारतो ते वेगळंच.

गुलाबी पट्टीत एक चूक आहे, आधीच सांगते म्हणजे तू शोधल्याचा आनंद घेणार नाहीस. दोन रंग चालवताना जो धागा खालून येतो तो वर उठून दिसतो, म्हणून फुलाचा धागा कायम खालूनच आणायचा. एका रात्री लाइट गेली, मोबाईलच्या उजेडात विणत बसले आणि धागे अदलाबदल झाले. त्या तीन ओळीतली फुलं दबलेली दिसतात, उन्हानं मान टाकल्यासारखी. उसवलं नाही. बाह्यांमध्ये मात्र मागचे धागे दर चार टाक्यांनी अडकवले, नाहीतर आईच्या बांगड्या त्यात गुंतून राहिल्या असत्या.

आता मुद्द्यावर येते, इतका वेळ टाळूनच राहिले होते.

पाठीचा भाग लांब हवा म्हणून वर, फुलं संपल्यावर, साध्या भागात मी अर्ध्या ओळी टाकल्या. म्हणजे ओळ पूर्ण न करता मधूनच परत फिरायचं, की तिथं पाठीला फुगार येतो. फुलात केलं असतं तर फुलं तुटली असती, म्हणून वरच. पोळ्याला माप घेतलं तेव्हा मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत साडेसोळा इंच, पुढून खांद्यापासून कमरेपर्यंत चौदा. त्या हिशेबानं चार फेऱ्या परत फिरले, एक इंच जास्तीचा. नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात बंद करायच्या आधी सहज म्हणून परत टेप लावला. पाठ सव्वासतरा. पुढून सव्वातेरा.

मला वाटलं टेप सरकला. परत लावला. मग वहिनीचा टेप आणला. तेच.

चार महिन्यात पाऊण इंच गं. आईला काही नाही बोलले, ती मात्र वैतागून म्हणाली, "काऊन वं, तिरडीचं माप घेऊन राह्यली का?" आणि स्वतःच हसत सुटली, मी पण हसले, काय करणार. डॉक्टरला विचारलं तर म्हणे हाडं ठिसूळ झाली की मणके दबतात, वयात होतं, गोळ्या दिल्या. चार रात्री लावून पाठ उसवली, तीन फेऱ्या वाढवल्या, पुढच्या दोन्ही भागातून सहा-सहा ओळी काढल्या. इंचाला आठ ओळी माझ्या, परत फिरायच्या एका फेरीच्या दोन ओळी, म्हणजे हिशेब चोख बसला. स्वेटर आता जानेवारीच्या आईला होतो.

आणि चिमणे, तू दर उन्हाळ्यात काकूंचे ब्लाऊज आत घ्यायचीस ना, मशीनवर बसून, आणि मी खाटेवरून म्हटलं होतं "काकू डाएटवर आहेत का?" तू काहीच बोलली नव्हतीस, नुसती मशीन जोरात चालवली होतीस. मला ते आता कळलं. इतक्या वर्षांनी कळलं म्हणून शरम वाटते, पण तुलाच सांगावंसं वाटलं, बाकी कोणाला सांगितलं तर म्हणतील म्हातारपण आहे, होणारच. होणारच आहे हे मलाही कळतं ना.

कात्रीचं तेच आहे. कापलं नाही तोवर सगळं उसवता येतं, धागा एकच आहे, वरून खालपर्यंत ओढला की परत गोळे. एकदा मधून कापलं की फुलांचा भाग गेला, त्याचे तुकडेच. आणि कापल्याशिवाय आईच्या अंगात चढत नाही, म्हणजे बसतो की नाही ते पण कळत नाही. तिसऱ्यांदा टेप लावायची माझी हिंमत नाही. आज वहिनी म्हणाली करीच्या दिवशी कात्री लावू नये, मला इतकं बरं वाटलं की मी तिला चहा करून दिला, ती अजून संशयानं बघतेय.

थंडी पण आता किती राहिली. अजून महिनाभरात पळस फुलेल आणि आई हा स्वेटर होळीपुढे घालून बसेल.

तुझं काय चाललंय? बदलीचं काय झालं? पोरीला तो अमरावतीचा मुलगा आवडला की तुम्हालाच आवडला? तिला माझी बाजू सांग, मी तिच्याकडून आहे. भाऊजी रिटायर झाल्यावर भाजी आणायला लागले असं ऐकलं, फोटो पाठव नाहीतर पटणार नाही.

शनिवारी ये ना. सकाळच्या बसनं निघ, अकराला फाट्यावर दादा घ्यायला येईल, वांग्याचं भरीत आणि रोडगे करते. होस्टेलमध्ये रात्री साडेबाराला त्या बोथट कात्रीनं माझी वेणी एका दमात कापली होतीस, वाकडी कापलीस पण हात थरथरला नाही तुझा. शिलाई मी मारून ठेवलीय, तुला फक्त मधल्या टाक्यावरून सरळ जायचंय, सरळ, यावेळी. आईच म्हणाली, "चिमणीले बलाव, तिचा हात चालते."

तुझी शिवणाची मोठी कात्री आण, धार लावून. आणि सीताबर्डीतून सात बटणं, रुपयाच्या नाण्याएवढी, लहान नको, आईच्या बोटांना धरता येत नाहीत. चार भोकांची, हिरवी मिळाली तर बघ, नाहीतर लाकडी. चमकणारी आणलीस तर परत पाठवीन.

तुझी,
ढापणी