सर्टिफिकेटवर नाव नसलेल्या अक्कांना

अक्का, नमस्कार. मराठीत लिहितेय, कारण कन्नड मी बोलते बऱ्यापैकी पण लिहायला बसलं की घोडं अडतं, आणि तुम्हाला मराठी वाचता येतं हे मला माहितीय. सगळ्यांना दिसेल असं मुद्दाम लिहितेय. आमच्या खानापूर, निपाणीकडच्या पोरींनी पण वाचावं म्हणून.

माझा सीबीआयडीचा कोर्स झाला एकदाचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दिव्यांग लोकांच्या घरी, गावात जाऊन काम करणाऱ्यांसाठीचा हा सहा महिन्यांचा कोर्स आहे, रिहॅबिलिटेशन कौन्सिलनं ऑस्ट्रेलियाच्या मेलबर्न युनिव्हर्सिटीबरोबर मिळून बनवलाय, 2021 ला सुरू झाला आणि पास होणाऱ्याला दिव्यांग मित्र म्हणतात. त्यात शिकवतात की माणसाची भाषा, रीतभात, घरातली पद्धत बघून मदत करायची. एकदम बरोबर. पण ती बघायची कशी हे वर्गात बसून कुठनं कळणार, ते तुमच्या तीनचाकी स्कूटीवर मागं बसून फिरल्यावर कळलं.

तुम्ही पंचायतीच्या व्हीआरडब्ल्यू, म्हणजे गावातल्या दिव्यांगांचं काम बघणाऱ्या कार्यकर्त्या, स्वतःच्या पायात कॅलिपर (आधाराची पट्टी), मानधन किती ते इथं लिहीत नाही, वाचणाऱ्यालाच लाज वाटेल. मी आले तेव्हा 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातले दिव्यांगत्वाचे 21 प्रकार घडाघडा म्हणून दाखवले, आधीच्या 1995 च्या कायद्यात सातच होते हे पण वर सांगितलं, आणि तुम्ही ऐकून घेऊन म्हणालात, "छान पाठ केलीस की गं. आता या घरात जेवण कोण करतंय, पैसं कुणाच्या हातात हाईत ते बघून ये."

वखारीत काम केलेले ते माळकरी आजोबा आठवतात काय? अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली. मोठ्या दवाखान्यातनं सांगून पाठवलेलं की डाव्या हातानं जेवायची सवय लावा. आजोबा मान डोलवायचे आणि ताट समोर आलं की भूक नाही म्हणायचे. सून भरवायला गेली की तोंड फिरवायचे. सगळे म्हणत होते म्हातारं हट्टी आहे. तुम्ही विचारलंत, डाव्या हातानं नको वाटतंय काय? तर ते काहीच बोलले नाहीत, डोळ्यात पाणी आलं फक्त. मग तुम्ही जुन्या सायकलची ट्यूब कापून चमच्याच्या दांड्याला जाड गुंडाळलीत, त्याला पट्टा शिवून घेतलात, चमचा त्यांच्या उजव्या तळहातात बसवलात आणि डावा हात उजव्या मनगटाखाली धरायला लावलात. "उजवाच हात जेवतोय आजोबा, डावा नुसता धरतोय." आमटीत कुस्करलेली भाकरी, पहिला घास निम्मा धोतरावर सांडला, दुसरा गेला. आणि त्या निमित्तानं दिवसातनं दोनदा त्या हाताचा व्यायाम होऊ लागला ते वेगळंच. सांगून त्यांनी केला नसता, पैजेवर सांगते.

दुसरं ते सीपीचं (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा होऊन हातपाय आखडतात ते) लेकरू. आईनं सौंदत्तीला यल्लम्माला नवस बोललेला. मला वाटलं तुम्ही आता अंधश्रद्धेवर लेक्चर देणार (मी तर दिलंच असतं). तुम्ही म्हणालात जाऊन ये की बाई, पण बसमध्ये एवढा वेळ पोराला मांडीवर आडवं घेऊ नको, आणि तिथंच तिला दाखवलंत की कडेवर घेताना दोन्ही पाय फाकवून कमरेच्या दोन बाजूंना घ्यायचे म्हणजे पाय कात्रीसारखे एकात एक अडकत नाहीत, आणि भरवताना बसतं करून मान किंचित पुढं ठेवायची, आडवं ठेवून पाजलं तर ठसका लागून घास श्वासात जातो. जत्रेहून आल्यावर त्या बाईनं हे सगळं जावेला शिकवलेलं. लेक्चर दिलं असतं तर परत दारात उभं केलं नसतं.

भाषेचं तर विचारूच नका. घरात मराठी, शाळेत कन्नड, शेजारच्या गल्लीत उर्दू, आणि डॉक्टरची फाइल इंग्रजीत. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज भरताना दिव्यांगत्व 40 टक्के भरतंय का याचं गणित तुम्ही मोडक्या मराठीत समजावता आणि लोकांना ते आमच्या शुद्ध मराठीपेक्षा लवकर कळतं. सीमाप्रश्नावर बोलायला बाकीचे आहेतच, आपण कार्ड काढू.

आता मी पण दारात गेले की आधी "ऊटा आयता?" (जेवण झालं काय?) विचारते आणि फॉर्म पिशवीतच ठेवते.

आभार मानायची आपल्यात पद्धत नाही, तुम्ही रागवालच. रागवा. पण एक काम केलंय, नवीन बॅचच्या पोरींना पहिलं तुमच्याबरोबर फिरायला पाठवा असं सरांना सांगितलंय, आणि या वेळी चहावर भागवू नका, अक्कांच्या पेट्रोलचे पैसे द्या असं पण सांगितलंय. हो म्हणालेत. नाही दिले तर मला फोन करा.