फोटो आधी कोणाला दाखवायचे?

कोल्हापूर
नवरात्राचा सहावा दिवस

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण त्यातला प्रश्न मलाही अजून पुरता सुटलेला नाही. कोकणातल्या आंजर्ल्याच्या तुमच्या घराचे आठ वर्षे काढलेले फोटो आता लोकांपुढे मांडावेत का, आणि मांडायचे तर कुठे, असे तू विचारतोस. मुंबईतल्या दालनांची नावेही तू लिहिली आहेस. त्यांचे नंतर पाहू. आधी माझ्या ऊसतोडीच्या कामाचे काय झाले ते सांगतो.

बीडकडून आमच्या भागात येणाऱ्या टोळ्यांचे फोटो मी तीन हंगाम काढत होतो. या व्यवहारात नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात, म्हणजे माणसे दोन आणि मोजायला हत्यार एक, हे तुला ठाऊक आहेच. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी मी चार बाय सहाच्या दीडशे प्रती छापून घेतल्या आणि एका संध्याकाळी टोळीच्या तळावर गेलो. कोप्यांपुढे, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांपुढे, चुली पेटल्या होत्या. एका ताडपत्रीवर मी फोटो पसरले आणि मला सर्वांत आवडणारा फोटो मुद्दाम मधोमध ठेवला. त्यात उसाच्या पात्याने कापलेला एका बाईचा हात होता आणि बोटाला साडीच्या काठाची चिंधी बांधलेली होती. भाकरी थापता थापता ती बाई उठून आली, पिठाचा हात पदराला पुसून तिने तो फोटो उचलला आणि विचारले, “हात माझाच हाय, पर तोंड कुठंय? मायला काय हात दाखवू?”

त्या हातावर मला बऱ्याच जणांनी शाबासकी दिली होती. तिच्या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी तिचा, नवऱ्याचा आणि धाकट्या मुलीचा, उभे राहून, कॅमेऱ्याकडे पाहत काढलेला फोटो मी छापून दिला. तो फोटो आता माझ्या मालिकेत आहे, आणि हाताचा फोटो त्याच्या शेजारी आला तेव्हा कुठे मला तो नीट दिसला.

त्याच संध्याकाळी एका म्हाताऱ्या गाडीवानाने सगळे फोटो गोळा करून आपल्या क्रमाने लावायला घेतले. मी तोडणीपासून सुरुवात केली होती. पहाटेचे धुके, फड, कोयत्याची चमक, सगळे कसे देखणे. त्याने ते बाजूला सारले आणि याच्या आधीचे फोटो कुठे आहेत, असे विचारले. त्याच्या लेखी हंगाम फडात सुरू होतच नाही. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली त्या दिवशी तो सुरू होतो, आणि ती फिटेपर्यंत संपत नाही. ट्रक रात्री येतो, तेव्हा झोपेतून उठून मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढावे लागते, हेही माझ्या मालिकेत कुठे नव्हते, कारण रात्री मी घरी झोपलेला असे. पुढच्या हंगामात, टोळ्या इकडे आलेल्या असताना, मी त्यांच्या गावी गेलो. कुलूपबंद घरे, मागे राहणाऱ्या आज्या, शाळेसाठी त्यांच्यापाशी ठेवलेली मुले, हा जो भाग तू मागच्या खेपेला सर्वांत चांगला म्हणालास, तो त्या ताडपत्रीवरून निघाला आहे.

म्हणून दालनांची घाई मला नको वाटते. ढाक्यात 1989 साली छायाचित्रकार शाहिदुल आलम यांच्या पुढाकाराने ‘दृक’ ही छायाचित्रसंस्था उभी राहिली आणि 2000 सालापासून ‘छबी मेळा’ हा छायाचित्रांचा महोत्सव भरू लागला. त्या मेळ्यात फोटो सायकलरिक्षाच्या व्हॅनवर लावून वस्त्यावस्त्यांतून फिरवले गेले. जो माणूस दालनाची पायरी चढणार नाही, त्याच्या दारात फोटो न्यायचा, एवढा तो साधा हिशेब. आपल्याकडे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेले कृष्णधवल काम मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मला आधी फक्त घाण दिसली होती. दुसऱ्यांदा पाहताना त्यांची घरे आणि घरातली माणसे दिसली, आणि पहिल्यांदा आपण इतके घाईने का पाहिले, याची शरम वाटली.

तुझ्या कामाला मात्र छायाचित्रकार दयानिता सिंग यांची वाट अधिक जवळची आहे. प्रवासात काढलेल्या फोटोंच्या छोट्या घडीच्या वह्या त्या करीत, एक सोबतच्या मित्रासाठी आणि एक स्वतःजवळ ठेवायला. 2008 साली जर्मनीच्या श्टाइडल प्रकाशनाने अशा सात वह्यांचा संच काढला, पण मुळात ती पत्रेच होती. तुझे घरही पत्रासारखेच आहे, ते कोणाला तरी उद्देशून आहे. मला वाटते, तुझ्या थोरल्या भावाला. घराच्या विक्रीच्या कागदावर त्याने सही केली म्हणून तू त्याच्याशी धड बोलत नाहीस, आणि तुझ्या एकशे चाळीस फोटोंत तो फक्त एकदा, तोही पाठमोरा, पडवीत उभा आहे. हे वाचून रागावशील, पण कोणी तरी सांगायला हवे होते. खिडकीतून येणाऱ्या उन्हाचेही अकरा फोटो आहेत. त्यातले नऊ काढ.

एक सावधगिरी सांगतो. माझा एक फोटो एका नियतकालिकाने मागून घेतला, त्यातला बाप कापून टाकला आणि उरलेल्या मुलाखाली भुकेविषयी दोन ओळी छापल्या. तो मुलगा तेव्हा आईने कारळाची चटणी तिखट केली म्हणून रडत होता. तेव्हापासून फोटो देताना, कापायचा नाही आणि खालचा मजकूर माझाच राहील, एवढे मी लिहून घेतो. तूही घेत जा.

दिवाळीत चार दिवस इकडे ये. साध्या कागदावर छापलेल्या छोट्या प्रतीच आण, भारी कागद नको; त्या फरशीवर मांडून सरकवता आल्या पाहिजेत. टोळ्या तोपर्यंत आलेल्या असतील, एक संध्याकाळ तळावर जाऊ. भावालाही घेऊन आलास तर वरची खोली रिकामी आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
कोल्हापूरकर