खो मिळाल्यावर मुलं पुन्हा उठावीत म्हणून

सप्रेम नमस्कार,

परवाच्या सरावात चौदा वर्षांखालच्या गटातली एक मुलगी चौकात बसली होती. भार दोन्ही चवड्यांवर हवा, हिचा सगळा डाव्या पायावर. जरा उसंत मिळाली की उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या टोकाशी आलेल्या टेंगळावर अंगठा दाबून धरायची. पाठीमागून 'खो' आला तशी ती उठली, पण जरा उशिराच, आणि तेवढ्यात पळणारी निसटली. पंधरा दिवस दुखत होतं. घरी कळलं तर खेळ बंद होईल म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

या दुखण्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. १९०३ साली बोस्टन आणि झुरिकच्या दोन डॉक्टरांनी ते वेगवेगळं नोंदवलं, त्यांचीच ही नावं. वाढीच्या वयात हाडं भराभर लांब होतात, मांडीचा मोठा स्नायू मात्र ताठ राहतो. तो वाटीवरून खाली येऊन नडगीच्या ज्या उंचवट्याला ओढतो, तिथलं हाड अजून कच्चं असतं. उठणं, बसणं, एकदम पळत सुटणं, एकदम थांबणं, सूर मारणं या प्रत्येक वेळी ओढ तिथेच. खो-खो म्हणजे दुसरं काय?

आमची चूक आम्ही मान्य करतो. वर्षानुवर्षं आम्ही मुलांना 'पळ, पळून गुडघा मोकळा होईल' असंच सांगत आलो. घरी निरगुडीच्या पाल्याचा शेक व्हायचा, फारच झालं तर महिनाभर सक्तीची विश्रांती. तेवढ्यात दुखणं थांबायचं, पण मांडीतली ताकदही जायची. मूल परत आलं की आठवड्यात पुन्हा तेच. अशी किती चांगली मुलं आम्ही गमावली, ते आठवलं की वाईट वाटतं.

फिजिओथेरपिस्ट आधी विचारतात, आठवड्यात खेळतेस किती? शाळा, मंडळ, रविवारचे सामने, सगळं मिळून. मग खेळ पूर्ण बंद न करता उड्या आणि उकिडवं बसणं कमी करतात. भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसायला लावतात. दहापैकी दोन-तीन इतकं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं नको. पुढे एका पायाने पायरी उतरायची, आरशात बघत, गुडघा आत वळू न देता. त्यासाठी कुल्ल्याचे स्नायू बळकट लागतात, म्हणजे व्यायाम गुडघ्यापाशी थांबत नाही. हे साधारण तीन महिने चालतं, आणि नेटाने करावं लागतं.

(पालकांनो, गुडघा सुजला, अडकला, रात्री दुखून झोपमोड झाली, ताप आला किंवा मूल लंगडू लागलं, तर व्यायामाची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. कधीकधी दुखणं खुब्यात असतं आणि जाणवतं गुडघ्यात.)

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. त्यानंतर आपल्या मैदानावर मुलं वाढली, सरावाचे तासही वाढले. त्यांचे गुडघे बघणारं मात्र कुणी नाही.

म्हणून मंडळाच्या सामानाच्या खोलीत आठवड्यातून दोन संध्याकाळी फिजिओथेरपी सुरू करतो आहोत, मुलांना मोफत. फिजिओंचं मानधन हा मोठा खर्च. त्यासाठी देणगी हवी आहे, जमेल तेवढी. ज्यांना वस्तू द्यायच्या त्यांनी व्यायामाच्या मॅट, ताणायचे रबरी पट्टे, बर्फाच्या पिशव्या, उभा आरसा द्यावा. लाकडी पायऱ्या करून देणारे सुतार भेटले तर फार बरं. आपल्यापैकी कुणी फिजिओ असाल, तर महिन्यातली एक संध्याकाळ आम्हाला द्या. आणि जुन्या खेळाडूंनो, ज्यांचे गुडघे याच मातीत गेले, तुम्ही नुसते येऊन मुलांशी बोललात तरी ती दुखणं लपवणार नाहीत.

खजिनदार रोज संध्याकाळी साडेपाचनंतर मैदानावर असतात. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल आणि दर महिन्याचा हिशेब फलकावर लागेल.

त्या मुलीचा पहिला दिवस येत्या सोमवारी आहे. तोवर निदान मॅट आणि आरसा यायला हवा.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते आणि प्रशिक्षक