आईच्या लाल औषधाबद्दल

बंगळूरु

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, समोरच्या काकू सांगत होत्या की कॅन्सरच्या केमोतल्या लाल औषधाने हृदय जातं, मग ते घ्यायचंच कशाला? मी रोज ज्या पेशींवर काम करते त्यांना हेच औषध मारतं, त्यामुळे घाईने उत्तर द्यावंसं वाटलं नाही. बाबा, वही घेऊन बसा.

आधी मात्रेचा हिशेब. आईची उंची १५२ सेंटीमीटर, वजन ५७ किलो. दोन्हींचा गुणाकार करायचा, ३६०० ने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. शरीराचं क्षेत्रफळ येतं साधारण १.५५ चौरस मीटर. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे हेच लाल औषध, दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, म्हणजे एका केमोला ९३ मिलिग्रॅम. अशा चार केमो, २१ दिवसांच्या अंतराने. हृदयाच्या दृष्टीने एका दिवसाच्या मात्रेपेक्षा आयुष्यभराची बेरीज महत्त्वाची, आणि ती आईच्या बाबतीत होते चौरस मीटरला २४० मिलिग्रॅम. जुन्या चाचण्यांच्या नोंदी २००३ साली एकत्र तपासल्या, तेव्हा ४०० ला सुमारे ५ टक्के, ५५० ला २६ टक्के आणि ७०० ला ४८ टक्के रुग्णांना हार्ट फेल्युअर झाल्याचं दिसलं. काकूंनी ऐकलं ते खोटं नाही, पण ते त्या वरच्या आकड्यांचं आहे. २४० ला धोका कमी असतो, शून्य नसतो. आईचं वय ६६ आणि जोडीला बीपी, म्हणून एवढं लांबण लावते आहे.

हृदयच का सापडतं, तेही सांगते. पेशी दुप्पट होताना डीएनएचा गुंता सोडवायला टोपोआयसोमरेज-२ नावाचं एन्झाइम लागतं. ते डीएनएचा धागा कापतं, पीळ सोडवतं आणि पुन्हा जोडतं. डॉक्सोरुबिसिन त्याला कापल्यानंतर जोडू देत नाही, आणि गाठीतली पेशी मरते. गाठीत या एन्झाइमचा अल्फा प्रकार भरपूर असतो. हृदयाच्या पेशी सहसा दुप्पट होत नाहीत, पण त्यांच्यात बीटा प्रकार असतो आणि औषध त्यालाही धरतं. २०१२ साली ह्यूस्टनमध्ये एडवर्ड येह यांच्या गटाने उंदरांच्या हृदयपेशींतून हा बीटा काढून टाकला, आणि त्या उंदरांची हृदयं औषधापासून बचावली. त्याआधी सगळा दोष लोह आणि फ्री रॅडिकल्सवर टाकला जाई. आता दिसतं की बीटा अडकला की पेशीतली ऊर्जा बनवणारी मायटोकॉन्ड्रियाही नीट तयार होत नाहीत. मेलेली हृदयपेशी जवळजवळ भरून येत नाही, म्हणून बेरीज मोजायची.

डेक्सराझोक्सेन नावाचं संरक्षक औषध याच बीटावर काम करतं. ते डॉक्सोरुबिसिनच्या दहापट मात्रेत, त्याच्या आधी अर्ध्या तासाच्या आत देतात. पण ते सहसा बेरीज मोठी होणार असेल किंवा हृदय आधीच दुबळं असेल तेव्हा वापरतात. आईला दिलं नाही तर कोणी हयगय केली असं समजू नका.

आता तुमचं काम. पहिल्या केमोच्या आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालाच पाहिजे. त्यात नुसता ईएफ नको, 'स्ट्रेन' म्हणजे जीएलएसही मागा. ईएफ म्हणजे एका ठोक्याला डावा कप्पा किती टक्के रक्त बाहेर टाकतो. साध्या इकोत तो आज ६० आणि पुढच्या महिन्यात ५३ दिसू शकतो, हृदयाला काहीही झालेलं नसताना. जीएलएस स्नायूचं आखडणं थेट मोजतं आणि बिघाड आधी दाखवतं. ते उणे आकड्यात लिहितात. उणे २० वरून उणे १७ झालं तर घट १५ टक्के, आणि तिथे डॉक्टरांशी बोलायचं. पण निरनिराळ्या कंपन्यांच्या मशीनचे आकडे जुळत नाहीत, म्हणून प्रत्येक इको त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा. त्या वेळचं बीपीही कागदावर लिहून घ्या, कारण बीपी चढलेलं असलं की स्ट्रेन उगाच वाईट येतो. नौपाड्यात एक इको आणि खारघरला दुसरा, असं करू नका. घराजवळचं सेंटर सोयीचं वाटेल, तरी एकच ठरवा. शेवटची केमो झाल्यावर आणि मग वर्षाने पुन्हा इको करायचा. मिलानमध्ये २६२५ रुग्णांचा पाठपुरावा केला, त्यात ९ टक्क्यांच्या हृदयावर परिणाम दिसला आणि त्यातला जवळजवळ सगळा पहिल्या वर्षात. लगेच औषधं सुरू केल्यावर त्यांतल्या बहुतेकांचं हृदय पूर्ण नाही तरी बरंच सावरलं. मला या सगळ्यात सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट. बिघाड बराच काळ मुका असतो, म्हणून वाट बघत बसायचं नाही.

आई, रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन कर. केमोच्या दिवशी सलाइनने किलोभर वाढतं, ते धरायचं नाही. पण तीन दिवसांत दोन किलो वाढलं, रात्री एकाऐवजी दोन उशा लागायला लागल्या, किंवा तळ्यावर फिरताना नेहमीची फेरी मध्येच थांबवावी लागली, तर त्याच दिवशी कळवायचं. नुसत्या पायाच्या सुजेने घाबरू नकोस, तुझ्या बीपीच्या ॲम्लोडिपिननेही घोटे सुजतात. धाप हिमोग्लोबिन उतरल्यानेही लागते, म्हणून डॉक्टर आधी रक्त बघतील. दोन दिवस लघवी लालसर होईल, ते औषधाचा रंग असतो, रक्त नव्हे. आणि सुई लावलेल्या जागी जळजळ झाली तर नर्सला तिथल्या तिथे सांग. हे औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी आणि मांस जाळतं. घरी आल्यावर सांगून उपयोग नाही.

ताप १००.४ च्या वर गेला तर तो हृदयाचा प्रश्न नाही, केमोने कमी झालेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आहे. रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. अर्जुनारिष्ट, कुणी दिलेली चूर्णं, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका. देणारे मायेनेच देतात, तरी.

गाठ डावीकडे आहे, तेव्हा पुढे रेडिएशन ठरलं तर श्वास रोखून देण्याची सोय आहे का ते विचारा. खोल श्वास भरला की छाती हृदयापासून दूर जाते आणि हृदयाला किरणं कमी लागतात. वीस-पंचवीस सेकंद रोखता आलं पाहिजे. आई, तुझ्या प्राणायामाने हे तुला सोपं जाईल, आतापासूनच मोजून बघ.

पहिल्या इकोचा कागद आला की बाबा, त्याच दिवशी फोटो पाठवा. मशीनचं नाव बहुतेक कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं, तेही फोटोत येऊ द्या.

तुमची,
मनू