जुलाब थांबले, तरी बाळ रडतच राहिले

महोदय,

पावसाळ्यात बाळाला जुलाब-उलट्या झाल्या की 'दात येत असतील' असे म्हणून आपण मीठ-साखरेचे पाणी देतो, आणि बहुतेक बाळे त्यावर बरीही होतात. परंतु क्वचित अशा संसर्गात आतड्याच्या भिंतीतील ग्रंथी सुजतात आणि आतड्याचा एक भाग, बाही आत दुमडावी तसा, पुढच्या भागात शिरतो. रक्तपुरवठा तुटल्यास तो भाग सडू लागतो.

माझ्या आठ महिन्यांच्या नातवाचे असेच झाले. जुलाब थांबल्यावरही दर पंधरा-वीस मिनिटांनी तो पाय पोटाशी घेऊन किंचाळे आणि मग मलूल होऊन पडे; त्या मलूलपणालाच आम्ही आराम समजलो. जवळच्या दवाखान्यातून पोटदुखीचे थेंब देऊन घरी पाठवले. रात्री हिरवी उलटी झाली, लंगोटात जेलीसारखी लाल आव दिसली, तेव्हा आम्ही धावलो. सोनोग्राफीत निदान झाले, पण तोवर आतड्याचा तुकडा कापून काढण्यावाचून इलाज उरला नव्हता. वेळेत आणलेल्या बहुतेक बाळांचे आतडे गुदद्वारातून हवा किंवा सलाइन सोडून, विनाशस्त्रक्रिया पूर्ववत करता येते, हे नंतर कळले आणि जीव फार हळहळला.

आशाताई ओआरएसची पाकिटे घरोघरी देतात, तेव्हाच थांबून थांबून येणारे रडणे, हिरवी उलटी आणि शौचातील रक्त ही लक्षणे त्यांनी आयांना समजावून सांगावीत, तसेच लसीकरणाच्या कार्डावरही ती छापावीत, अशी आरोग्य खात्याला कळकळीची विनंती आहे.

– एक आजी, सातारा