चौकट कापली, चित्रच गेले

महोदय,

रविवार पुरवणीतील अमेरिकी व्यक्तिचित्रांवरच्या लेखासोबत अमेरिकी चित्रकार रेम्ब्रांट पील यांनी रंगवलेले जॉर्ज वॉशिंग्टन छापले आहेत. पण फक्त चेहरा ठेवून बाकी सगळे कापले आहे. लेखात या चित्राला नवअभिजातवादी, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन कलेचा आदर्श ठेवणारे, म्हटले आहे, ते योग्यच. मात्र ते तसे ज्यामुळे ठरते, नेमका तोच भाग गेला.

मूळ तैलचित्रात वॉशिंग्टन दगडी लंबगोल झरोक्याआड दिसतात. हा झरोका कॅनव्हासवरच रंगवलेला आहे. आतल्या कडेवर छाया देऊन दगडाची जाडी दाखवली आहे, म्हणून माणूस खरोखर भिंतीपलीकडे असल्यासारखा वाटतो. भोवती ओकच्या पानांची माळ. रोममध्ये सहनागरिकाचा जीव वाचवणाऱ्याला ओकच्या पानांचा मुकुट देत असत. वर कमानीच्या मधल्या दगडावर ज्युपिटर या रोमन देवराजाचे मस्तक आणि खाली लॅटिनमध्ये ‘पात्रिए पातेर’, म्हणजे राष्ट्रपिता, ही कोरल्यासारखी भासणारी अक्षरे. व्हर्जिनियाचा जमीनदार इथे रोमन होतो तो या दगडामुळे. दगड काढला की उरतो पांढऱ्या केसांचा एक वृद्ध गृहस्थ.

‘डॉलरच्या नोटेवरचा हाच चेहरा’ ही चित्रओळही चुकली आहे. नोटेवरचा चेहरा गिल्बर्ट स्टुअर्ट यांच्या 1796 च्या चित्रावरून, तोही उलट बाजूने, घेतला आहे. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा, 1789 साली, त्यांचा एकच दात उरला होता. स्टुअर्टसमोर ते नवी कवळी घालून बसले, म्हणून त्या चित्रात तोंडाचा भाग ताठरलेला दिसतो. पील यांनी सतरा वर्षांचे असताना, 1795 मध्ये, वॉशिंग्टन यांना समोर बसवून रंगवले होते. पण हे चित्र 1824 चे, वॉशिंग्टन यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी केलेले. त्यासाठी पील यांनी वॉशिंग्टन यांची अनेकांनी काढलेली चित्रे ताडून पाहिली आणि उदाँ या फ्रेंच शिल्पकाराच्या अर्धपुतळ्याचा मोठा आधार घेतला. उदाँने 1785 मध्ये माउंट व्हर्नन या वॉशिंग्टन यांच्या घरी त्यांच्या चेहऱ्याचाच प्लास्टरचा साचा काढला होता, त्यामुळे अर्धपुतळ्यातली मापे अंदाजाची नव्हेत.

वॉशिंग्टन यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 1832 मध्ये, अमेरिकी सिनेटने हे चित्र 2000 डॉलरला विकत घेतले. पील यांच्या पुढच्या अनेक प्रतींत लष्करी गणवेश आहे, म्हणून चित्रओळीत ‘सिनेटची प्रत’ असे लिहावे.

कृपया चित्र पूर्ण छापावे, किमान दोन कॉलम रुंद. एका कॉलमात खालची अक्षरे वाचता येणार नाहीत. वर्तमानपत्राच्या कागदावर काळी शाई पसरते, तेव्हा छपाईआधी गडद भाग थोडे उजळ करावेत. नाहीतर झरोक्याच्या कडेची छाया पार्श्वभूमीत बुडेल आणि दगड सपाट दिसेल.

– एक वाचक, पुणे